गोव्यातून लांबच्या मोटारसायकल प्रवासाला निघताना मार्ग कसा आखावा

गोव्यातून मोटारसायकलने कोणत्याही दिशेला निघाले, तरी पहिल्या दोन-तीन तासांतच एक तर सह्याद्रीचा घाट चढावा लागतो किंवा खाड्या ओलांडत किनाऱ्याने जावे लागते. सपाट प्रदेशात एखादे वळण चुकले, तर पुढच्या चौकातून परतता येते. घाटात किंवा खाडीकाठी तीच चूक पन्नास-साठ किलोमीटरचा वळसा घालायला लावते आणि दिवसभराचे वेळापत्रक कोलमडते. मार्गआखणी म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर निळी रेघ काढणे नव्हे. आपला निर्णय जिथे घ्यावा लागणार आहे, अशी मोजकी ठिकाणे आधीच ओळखून ठेवणे आणि तिथे काय करायचे हे घरी शांतपणे ठरवणे, हा या कामाचा गाभा आहे. मोबाइलमधील नकाशाने हे निर्णय अमलात आणायला मदत करावी, ते स्वतः घेऊ नयेत.

आधी तास मोजावेत, मग किलोमीटर

बहुतेक जण अंतरापासून सुरुवात करतात. प्रत्यक्षात सुरुवात उजेडापासून करावी. गोव्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनमध्ये सातनंतरही काही वेळ उजेड असतो. अनोळखी रस्त्यावर, विशेषतः घाटात, अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचायचे असा नियम केला, तर दिवसाला किती तास मिळतात हे आपोआप ठरते. त्या तासांतून जेवण, चहा, पेट्रोल आणि पाय मोकळे करण्याचा वेळ वजा केला की, जे उरते तेच खरे चालवण्याचे तास.

त्यानंतर मार्गाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे वेग लावावा. फोंडा ते हंपी हा सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास उदाहरणासाठी घेऊ. फोंड्याहून मोले, अनमोड घाट आणि रामनगर हा साधारण साठ किलोमीटरचा भाग चढाचा, जंगलाचा आणि ट्रकांचा आहे. तिथे तासाला पस्तीसपेक्षा अधिक सरासरी धरू नये. रामनगरहून अळणावरमार्गे धारवाडपर्यंतच्या सुमारे सत्तर किलोमीटरला बेचाळीस-पंचेचाळीसची सरासरी पुरे. धारवाड-हुबळीनंतर गदग, कोप्पळ आणि होसपेटे या राष्ट्रीय महामार्ग ६७ वरील टप्प्यावर साठच्या आसपास सरासरी मिळू शकते. या हिशेबाने चालवण्याचेच साडेसहा तास होतात आणि त्यात दीड तासाची विश्रांती मिळवली की आठ तास. सकाळी साडेसहाला निघाल्यास दुपारी अडीचला पोहोचणे वाजवी आहे. दहाला निघाल्यास पोहोचेपर्यंत हिवाळ्यात संध्याकाळ होते आणि काही अडले, तर शेवटचा तास अंधारात जातो. ॲपने दाखवलेल्या वेळेत किमान पाव हिस्सा मिळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठीमागे सहप्रवासी असेल आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या असतील, तर त्याहून थोडा अधिक.

घाटाची निवड आणि पर्यायाचा फाटा

बेळगावकडे जायला गोव्यातून मुख्यतः दोन वाटा आहेत. एक साखळी, केरी, चोर्ला, कणकुंबी आणि जांबोटी अशी, आणि दुसरी राष्ट्रीय महामार्ग ७४८ ची, म्हणजे मोले, अनमोड, रामनगर, लोंढा आणि खानापूर अशी. चोर्ला अधिक वळणांचा असून पावसाळ्यात तिथे दाट धुके उतरते. अनमोड रुंद आहे, पण अवजड वाहतूक जास्त. शिवाय त्याचा गोव्यातला भाग भगवान महावीर अभयारण्यातून जात असल्याने वन्यप्राणी रस्त्यावर येण्याची शक्यता गृहीत धरावी. कोल्हापूरकडे जायचे असेल, तर सावंतवाडीहून आंबोली किंवा दोडामार्गाहून तिळारी हे पर्याय आहेत. तिळारीचा चढ तीव्र आणि वळणे अरुंद असल्याने जड सामान लादलेल्या नवशिक्या चालकाने आंबोलीच पत्करावी.

कोणताही घाट वर्षभर उघडा असेल असे गृहीत धरता येत नाही. गगनबावड्याचा करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी बंद झाला तो दीर्घकाळ बंद राहिला. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे दरड कोसळून राष्ट्रीय महामार्ग ६६ वर जीवितहानी झाली आणि वाहतूक बरेच दिवस खंडित राहिली; त्यानंतर महिनाही झाला नव्हता तेव्हा, ७ ऑगस्टला, कारवारचा काळी नदीवरील जुना पूल कोसळला. किनाऱ्याने दक्षिणेला जाणाऱ्या गोमंतकीयांचा हा नेहमीचा रस्ता आहे. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रातील आणि जिल्हा प्रशासनाच्या सूचना पाहाव्यात, आणि घाटापलीकडील मुक्कामाच्या हॉटेलला किंवा पेट्रोल पंपाला फोन करून रस्त्याची स्थिती विचारावी. तो फोन मला नकाशावरील कोणत्याही रंगापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

पर्यायी रस्ता केवळ माहीत असून भागत नाही. तो कोणत्या फाट्यावर स्वीकारायचा हे लिहून ठेवावे लागते. अनमोड बंद असल्याचे मोल्यात कळले, तर मागे फिरण्यावाचून गत्यंतर नसते. त्याआधीच, उसगावच्या तिस्क या नाक्यावर कळले, तर तिथूनच वाळपईच्या दिशेने वळून चोर्ला गाठता येतो. म्हणून या प्रवासातील पहिले निर्णयस्थान मोले नसून तिस्क आहे, आणि फोनला नेटवर्क असताना तिथे पाच मिनिटे थांबून चौकशी करून घ्यावी. किनाऱ्याच्या रस्त्यावर हेच स्थान अंकोल्याला आहे: पुढे दरडीची बातमी असेल, तर तिथूनच यल्लापूरकडे जाणारा हुबळीचा रस्ता धरता येतो.

दुचाकीला मज्जाव असलेले रस्ते

पणजीतला मांडवीवरचा अटल सेतू दुचाकींसाठी नाही, हे गोव्यात प्रत्येकाला ठाऊक असते. परमुलखात मात्र अशी माहिती आपल्याकडे नसते. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, समृद्धी महामार्ग, मुंबईतील वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू यांवर मोटारसायकलला प्रवेश नाही. बेंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकाही १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना बंद आहेत आणि तिथे शेजारचा सेवारस्ता वापरावा लागतो. गूगल मॅप्समध्ये भारतासाठी दुचाकीचा स्वतंत्र पर्याय डिसेंबर २०१७ मध्ये आला. प्रवासाचा प्रत्येक टप्पा त्याच पर्यायावर तपासावा, मोटारीच्या पर्यायावर नव्हे. तरीही द्रुतगती मार्गाचे नाव दिसताच प्रवेशाचा नियम स्वतंत्रपणे पाहून घ्यावा, कारण दंडाहून मोठा धोका तिथल्या वेगाचा असतो.

वेळेची बंधनेही असतात. म्हैसूरहून वायनाडकडे जाणारा बंडीपूर जंगलातील राष्ट्रीय महामार्ग ७६६ रात्री नऊ ते सकाळी सहा खासगी वाहनांना बंद असतो. त्या दिवशीचा मुक्काम जंगलाच्या अलीकडे गुंडलुपेटला की पलीकडे सुलतान बत्तेरीला, हे दुपारपर्यंत ठरले पाहिजे. मार्गावर व्याघ्रप्रकल्प किंवा अभयारण्य दिसले की, त्याच्या फाटकाची वेळ ही आखणीतील एक आवश्यक नोंद समजावी.

नकाशावर ठिकाण नेमके लावणे

रस्ता चुकण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे चुकीचे ठिकाण निवडणे. गोव्यातच पाहा. पेडण्यात केरी आहे, सत्तरीत केरी आहे आणि फोंडा तालुक्यातही केरी आहे. तेरेखोलच्या फेरीबोटीसाठी पेडण्याची केरी हवी, चोर्ला घाटासाठी सत्तरीची. परक्या राज्यात अशी नावे ओळखणे त्याहून अवघड असते, म्हणून गावाचे नाव टाकताना तालुका आणि जिल्हाही टाकावा आणि मिळालेले ठिकाण नकाशा मोठा करून डोळ्यांनी पाहावे. कर्नाटकातील अनेक शहरांची नावे १ नोव्हेंबर २०१४ रोजी अधिकृतपणे बदलली, त्यामुळे विजापूर आणि विजयपुरा, होस्पेट आणि होसपेटे अशी दोन्ही रूपे फलकांवर आणि नकाशांत आढळतात. दोन्ही लिहून ठेवावीत.

हंपीचे उदाहरण याहून शिकवण देणारे आहे. विरुपाक्ष मंदिर तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावर आहे, तर आनेगुंदी आणि सणापूरकडील निवासस्थाने उत्तर तीरावर. हंपीतून समोर दिसणाऱ्या आनेगुंदीला मोटारसायकलने जायचे तर नदीला वळसा घालून पुलावरून जावे लागते. तळवारघाटाजवळ बांधला जात असलेला पूल २००९ मध्ये कोसळला. मुक्काम उत्तर तीरावर असेल, तर कोप्पळकडून येताना तुंगभद्रा ओलांडण्यापूर्वीच, मुनिराबादच्या आसपास, डावीकडे वळायचे असते. नुसते ‘हंपी’ असे टाकून निघालेला प्रवासी होसपेट्याला पोहोचतो आणि दिवसभराच्या थकव्यानंतर पुन्हा नदी ओलांडायला निघतो. मुक्काम नदीच्या कोणत्या काठी आहे, हा प्रश्न प्रत्येक आरक्षणापूर्वी विचारावा.

आपल्याला हवा तोच रस्ता ॲपने धरावा यासाठी मधले बिंदू टाकावे लागतात, आणि ते टाकण्याची एक रीत आहे. बिंदू गावाच्या मध्यभागी कधीही टाकू नये, कारण ॲप आपल्याला बगलरस्ता सोडून बाजारपेठेत नेते. तो चौकातही टाकू नये. हवे ते वळण घेतल्यानंतर एक-दोन किलोमीटर पुढे, मोकळ्या रस्त्यावर, आपल्या जाण्याच्या दिशेच्या मार्गिकेवर टाकावा. दुभाजक असलेल्या महामार्गावर बिंदू चुकून समोरच्या मार्गिकेवर पडला, तर ॲप मागे वळायला सांगत राहते. अनमोडमार्गेच जायचे असेल, तर रामनगरच्या पुढे एक आणि हुबळी-धारवाड टाळायचे की शहरातून जायचे हे ठरवून तिथे एक, एवढे बिंदू पुरतात. विनाकारण वीस बिंदू टाकले की, एखादा चुकल्यावर ॲप पुन्हा पुन्हा तिकडेच वळवते.

फाटे नसलेल्या माळावर, जंगलातील होमस्टेसाठी किंवा नाव नसलेल्या जागेसाठी अक्षांश-रेखांश मागून घ्यावेत. दशांश पद्धतीत तिसऱ्या दशांश स्थळाचा एक अंक अक्षांशात सुमारे एकशे अकरा मीटरचा फरक दाखवतो, म्हणून किमान चार, शक्यतो पाच स्थळे लिहावीत; अंश-मिनिट-सेकंदांतील आकडे दशांश समजून टाकले, तर ठिकाण कित्येक किलोमीटर सरकते.

फाइल, ऑफलाइन नकाशा आणि त्यांच्या मर्यादा

मोठ्या पडद्यावर आखलेला मार्ग जीपीएक्स फाइलमध्ये साठवता येतो. या फाइलमधील दोन प्रकार एकसारखे समजू नयेत. ‘रूट’ प्रकारात मोजकेच बिंदू असतात आणि मधला रस्ता फोन किंवा उपकरण स्वतः ठरवते, त्यामुळे तीच फाइल दोन मित्रांच्या फोनवर दोन वेगळे रस्ते दाखवू शकते. ‘ट्रॅक’ प्रकारात रस्त्यावरचे शेकडो बिंदू सलग नोंदलेले असतात आणि रेघ बदलत नाही. मात्र रस्ता बंद असेल, तर ती आपणहून दुसरा मार्ग सुचवत नाही. गटात प्रवास असेल, तर सर्वांना ट्रॅक द्यावा आणि मुक्कामाचा बिंदू वेगळा द्यावा. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारे कुर्विगर हे ॲप वळणदार रस्ते शोधायला सोयीचे आहे; ऑसमअँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स ही ॲप्स पूर्णपणे ऑफलाइन चालतात आणि ट्रॅकही दाखवतात.

उपग्रहाकडून स्थान मिळवण्यासाठी फोनला इंटरनेट लागत नाही. लागतो तो नकाशा. तो आधी उतरवून घेतला असेल, तर अनमोडच्या जंगलातही आपले स्थान दिसत राहते. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा वाहतूक कोंडीची माहिती देत नाही आणि त्याची मुदत ठरावीक काळाने संपते, म्हणून निघण्याच्या आठवड्यात तो अद्ययावत करावा. उतरवलेला भाग मार्गापुरता अरुंद ठेवू नये. दोन्ही बाजूंचे शंभरएक किलोमीटर त्यात असावेत, कारण नकाशाची खरी गरज वळसा घालतानाच पडते. निघण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर ठेवून मार्ग शोधून पाहावा. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये अन्य राज्यांची प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. उत्तरेच्या प्रवासाची तयारी करणाऱ्यांनी हे महिनाभर आधी लक्षात घ्यावे.

टाकीवरची चिठ्ठी

एवढी साधने असूनही कागदाची चिठ्ठी मी अनिवार्य मानतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत निर्णयस्थाने क्रमाने लिहावीत. प्रत्येक ओळीत ट्रिप मीटरवरील अंतर, ठिकाण, वळण्याची दिशा आणि फलकावर दिसणारे पुढच्या गावाचे नाव असावे. जसे, “तिस्क, सरळ, मोले” किंवा “रामनगर, धारवाडकडे, अळणावर”. कर्नाटकच्या ग्रामीण भागात काही फलक केवळ कन्नडमध्ये असतात, म्हणून ही नावे कन्नड लिपीतही उतरवून घ्यावीत. अक्षरे वाचता येत नसली, तरी आकार जुळवता येतो, आणि चिठ्ठी दाखवून रस्ता विचारणेही सोपे जाते. ती पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये घालून टाकीवरील पिशवीवर लावावी.

मैलाच्या दगडांचे रंगही वाचायला शिकावे. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्यमार्गाचा आणि नारिंगी ग्रामीण सडकेचा. महामार्गावर असल्याची खात्री असताना नारिंगी दगड दिसू लागले, तर ॲपने जवळचा रस्ता म्हणून खेड्यातून नेले आहे हे लगेच ओळखता येते.

फोन, वीज आणि पाऊस

फोन हँडलवर लावायचा असेल, तर कंपने शोषणाऱ्या धारकावर लावावा. ॲपलने २०२१ मध्येच सांगितले होते की, मोटारसायकलच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते. कोकणातल्या दुपारच्या उन्हात फोन तापून बंद पडतो आणि चार्जिंग चालू असेल, तर तो अधिकच तापतो. शिरस्त्राणातील स्पीकरवर सूचना ऐकून पडदा बंद ठेवणे हा यावरचा उत्तम उपाय आहे. फ्यूज असलेला यूएसबी चार्जर बसवावा, पण पावसात ओल्या पोर्टला वायर लावू नये. मोटार वाहन नियमांतील २०२० च्या दुरुस्तीनुसार वाहन चालवताना फोनचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच करता येतो. ठिकाण बदलायचे असल्यास गाडी बाजूला घेऊन थांबावेच.

पेट्रोलचा हिशेब थोडक्यात सांगता येतो. तेरा लिटरची टाकी आणि लिटरला तीस किलोमीटर मिळत असतील, तर कागदावर तीनशे नव्वद होतात. घाट आणि वजन धरून अडीचशेलाच टाकी भरावी, आणि गोवा सोडण्यापूर्वी ती पूर्ण भरून घ्यावी.

किनाऱ्याचा रस्ता आणि फेरीबोटी

उत्तरेला किनाऱ्याने जाणाऱ्यांची आखणी वेगळी असते. केरीहून तेरेखोलला फेरीने उतरून रेडी, शिरोडा, वेंगुर्ले आणि मालवण असे पुढे जाता येते आणि रत्नागिरीनंतर जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ, वेसवी-बागमांडला आणि दिघी-आगरदांडा अशा फेऱ्या लागतात. हा रस्ता अतिशय सुंदर आहे, पण घाईत असलेल्या प्रवाशाने तो धरू नये. ॲप फेरी धरते, पण धक्क्यावरची प्रतीक्षा धरत नाही. प्रत्येक फेरीसाठी पाऊण तास राखावा आणि शेवटच्या फेरीची वेळ चिठ्ठीवर लिहावी. ओहोटीला पाणी फार उतरले किंवा समुद्र खवळला, तर फेरी थांबते, म्हणून भरती-ओहोटीचे वेळापत्रकही पाहावे. शेवटची फेरी चुकल्यास राष्ट्रीय महामार्ग ६६ कडे कोणत्या रस्त्याने यायचे, हे प्रत्येक खाडीसाठी आधी ठरलेले असावे.

वाटेवर

गटात पाच-सहा जण असतील, तर सर्वांनी एकमेकांना सतत पाहत राहण्याचा हट्ट धोकादायक ठरतो. मागे पडलेला माणूस गाठण्यासाठी वेग वाढवतो. त्याऐवजी पहिला आणि शेवटचा चालक ठरवावा. प्रत्येक वळणावर पहिल्याच्या मागचा चालक सुरक्षित जागी थांबून दिशा दाखवतो आणि शेवटचा चालक आल्यावरच पुढे निघतो; पुढच्या वळणावर हे काम नव्याने दुसऱ्या क्रमांकावर आलेल्याकडे जाते. कोणाला नेटवर्क नसले, तरीही या पद्धतीत कोणी हरवत नाही.

रस्ता चुकल्याची शंका आली की, पुढे जाऊन पाहू असे म्हणू नये. थांबावे, शेवटचे निश्चित ओळखलेले ठिकाण चिठ्ठीवर शोधावे, ट्रिप मीटर पाहावा आणि मग विचारावे. गोव्यात यासाठी मोटारसायकल पायलटांसारखे, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्या चालकांसारखे, जाणकार दुसरे नाहीत. इतरत्र बसचालक आणि टायर दुरुस्तीवाले यांना विचारावे, कारण रस्ता खचला आहे की नाही हे त्यांना रोजच्या कामातून कळते. “हा रस्ता धारवाडला जातो ना?” असे विचारल्यास पुष्कळदा भिडेखातर होकार मिळतो, “धारवाडला कोणत्या रस्त्याने जायचे?” असे विचारावे आणि पुढच्या चौकात दुसऱ्या माणसाकडून पडताळून घ्यावे. अपघात किंवा संकट असेल, तर ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहिलेले असावेत, म्हणजे सहप्रवाशालाही ते चटकन सापडतील.

संध्याकाळी मुक्कामी पोहोचल्यावर, जेवणापूर्वी, दुसऱ्या दिवसाची चिठ्ठी लिहून टाकावी. दिवसभरात हिशेबापेक्षा किती वेळ जास्त लागला हे पाहून उद्याच्या वेगाचे आकडे खाली आणावेत, यजमानाला पुढच्या रस्त्याची स्थिती विचारावी आणि दिवसाचा ट्रॅक तारखेच्या नावाने साठवावा. नकाशात नसलेला बगलरस्ता किंवा तुटलेला पूल आढळला असेल, तर ओपनस्ट्रीटमॅपवर किंवा गूगल मॅप्सवर त्याची दुरुस्ती त्याच रात्री नोंदवावी, कारण ठिकाण आणि दिशा तेव्हा नेमकी आठवत असते.